घरगुती टिपणवही : बोरूपासून झरणीपर्यंत

(१) विषयप्रवेश

महाराष्ट्रांत जुन्या कागदांचा शोध करणाऱ्यांची दृष्टि आजवर मुख्यत्वेंकरून तीन प्रकारच्या लेखांवर स्थिरावलेली आहे. शिक्कामोर्तबाचीं राजपत्रें, महजर व निवाडे हा एक प्रकार. बखरी व करीने हा दुसरा. आणि काव्य, पुराण, शास्त्र यांच्या पोथ्या हा तिसरा. या तिहींचा संग्रह व्हावा हें योग्यच आहे. परंतु ज्या घरांत हे कागद सांपडतात त्याच घरांत, बहुधा त्याच रुमालांत, एक चौथा प्रकारहि असतो. घरधन्यानें केवळ स्वतःच्या सोयीसाठीं, कोणास दाखविण्याची इच्छा न धरतां, लिहून ठेविलेली ती टिपणवही होय. कोणाचें किती देणें, कोणत्या तिथीस कोणाचें श्राद्ध, कोणत्या शेतांत किती बीं पडलें, पोटदुखीवर कोणता काढा, गांवावर फौज आली ती कोणत्या दिवशीं, असल्या गोष्टी तींत एकाखालीं एक लिहिलेल्या असतात. संग्राहक ती चाळतो, अक्षर गिचमिड व मजकूर किरकोळ असल्याचें पाहतो, आणि बाजूस सारितो.

आमचें म्हणणें असें आहे कीं, इतिहाससाधन या नात्यानें या चौथ्या प्रकाराची योग्यता पहिल्या तिहींहून कमी नाहीं. राजपत्र दुसऱ्यास आज्ञा करण्यासाठीं लिहिलें जातें, बखर दुसऱ्यास सांगण्यासाठीं लिहिली जाते. टिपणवही मात्र लिहिणाऱ्यानें आपल्याच विसराळूपणाविरुद्ध केलेली तजवीज असते. स्वतःलाच फसविण्याचें कारण कोणास सहसा नसतें. दुसरें असें कीं, या वह्यांपैकीं ज्या सर्वांत अलीकडच्या, म्हणजे विसाव्या शतकांतील फौंटनपेननें लिहिलेल्या, त्याच सर्वांत आधीं नष्ट होण्याच्या पंथास लागल्या आहेत. दोन अडीचशें वर्षांपूर्वींचें बोरूचें अक्षर काळेंभोर, आणि आजोबांच्या वहींतील अक्षर फिकट, असा चमत्कार घरोघर दिसतो. त्याचें कारण लेखणीच्या व शाईच्या इतिहासांत आहे. तें उलगडून दाखविणें व या वह्यांची परीक्षा कशी करावी याचें दिग्दर्शन करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

(२) टिपण, खर्डा, कीर्द व खतावणी

प्रथम शब्दांचा विचार करूं. पांखरूं दाणा टिपतें, कापड पाणी टिपतें, आणि लिहिणारा गोष्ट टिपतो. तिन्ही ठिकाणीं क्रियापद एकच. सांडून किंवा विखरून नाहींशी होणारी वस्तु हलकेच उचलून घेणें, हा त्यांतील अर्थ आहे. ओली शाई शोषून घेणाऱ्या कागदासहि पुढें टीपकागद हेंच नांव पडलें. टिपण म्हणजे रचलेला लेख नव्हे. तें उचललेलें शब्दधान्य आहे.

हें धान्य सांठविण्याची रीति आपल्याकडे कारकुनी शिस्तींतून आली. प्रथम खर्डा, म्हणजे घाईघाईनें केलेला कच्चा मसुदा. खर्डेघाशी हा शब्द आज हेटाळणीचा झाला असला तरी सर्व दफ्तराचा पाया तोच होता. खर्ड्यावरून रोजकीर्द होई. तींत त्या त्या दिवसाचा मजकूर तिथिवार लागे. कीर्दीवरून पुढें खतावणी होई. तींत तोच मजकूर दिवसाचा क्रम सोडून खातेवार, म्हणजे माणसाच्या अथवा बाबीच्या नांवाखालीं, मांडला जाई. कोणती गोष्ट केव्हां झाली हें कीर्द सांगते, आणि कोणाच्या संबंधांत काय काय झालें हें खतावणी सांगते. मनुष्याच्या स्मरणास लागणाऱ्या दोन्ही वाटा या जोडीनें बांधून काढिल्या होत्या. पेशव्यांच्या दफ्तरांतील रोजकीर्दी याच पद्धतीच्या असून गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेले त्यांतील उतारे रोजनिशी या नांवानें छापून प्रसिद्ध झाले आहेत.

सरकारी दफ्तरांत जी शिस्त मोठ्या प्रमाणावर होती तीच घरांत लहान प्रमाणावर आली. दिवसा कचेरींत कीर्द लिहिणारा कारकून रात्रीं घरीं आपली वही उघडी, तेव्हां त्याचा हात त्याच वळणानें जाई. वर मध्यभागीं श्री, त्याखालीं शक, संवत्सर, मास व तिथि, आणि मग जमा व खर्च. रकान्यांसाठीं रेघा न ओढतां कागदास उभ्या घड्या पाडीत व त्या घड्यांच्या आधारें आंकडे एकाखालीं एक येत. घरगुती वहींत या घड्या दिसल्या कीं लिहिणारा हिशेबी पेशाचा अथवा त्या शिस्तींत वाढलेला होता असें मानण्यास जागा होते.

येथें बाळाजी आवजी चिटणीस यांची प्रसिद्ध आख्यायिका आठवते. पत्र लिहून आणण्याची शिवाजीमहाराजांची आज्ञा होती. कामाच्या गर्दींत तें लिहिणें झालें नाहीं. आणि वाचण्याची वेळ आली तेव्हां चिटणिसांनीं कोरा कागद हातीं धरून सबंध पत्र अस्खलित वाचून दाखविलें, असें सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावयाची. परंतु असा पुरुष गोष्टीचा विषय होतो याचा अर्थच हा कीं, इतरांस कागदावांचून गत्यंतर नव्हतें. सामान्य माणसाची स्मृति वहींत होती.

(३) बाडाची घडण

घरगुती टिपणांचें सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण रूप म्हणजे बाड. पोथीचीं पानें सुटीं असतात. बाड शिवलेलें असतें. लांबट कागद एकावर एक ठेवून अरुंद बाजूस शिवण घालीत, त्यामुळें पान डावीकडून उजवीकडे न उलटतां खालून वर उलटावें लागे. असें बाड गुंडाळून किंवा कापडांत बांधून प्रवासांत नेतां येई, आणि मांडीवर धरून लिहितांहि येई. पोथी आसनावर वाचावयाची, बाड बरोबर वागवावयाचें.

कीर्तनकारांचीं व मठांतील साधूंचीं बाडें मोठ्या संख्येनें उरलेलीं आहेत. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं परिश्रमपूर्वक मिळविलेलीं रामदासी परंपरेचीं बाडें धुळें येथील समर्थ वाग्देवता मंदिरांत आहेत. कीर्तनकाराच्या बाडांत सबंध ग्रंथ क्वचित् असतो. एका प्रसंगास लागणारे अभंग, एखादा श्लोक, एखादें पद, दृष्टांताची नुसती खूण, असा त्याचा संसार असतो. एका संताचा अभंग अर्धाच लिहून सोडलेला दिसतो, कारण पुढील अर्धा लिहिणाऱ्यास पाठ होता. पाठभेद पाहणारा संशोधक अशा ठिकाणीं त्रुटित प्रत म्हणून शेरा मारतो. वस्तुतः तेथें त्रुटि नसून, लिहिणाऱ्याच्या स्मृतीची हद्द तेथें उमटलेली असते. त्यास काय येत होतें आणि काय येत नव्हतें, हें त्या कोऱ्या जागेवरून कळतें.

गृहस्थांच्या बाडांत मिश्रण याहून अधिक. मुलांचीं जन्मटिपणें, वडिलांच्या मृत्युतिथि, औषधें, मंत्र, उधारउसनवार, लग्नांतील आहेर, पाऊस व धारण. या मिश्रणासच पुष्कळजण दोष देतात. परंतु जन्मटिपणाशेजारीं धान्याची धारण असेल, तर दुष्काळांत जन्मलेल्या मुलाची ती हकीकत होते. आणि ती जोड दुसऱ्या कोणत्याहि कागदांत सांपडत नाहीं. म्हणून बाड छापतांना त्यांतील वाङ्मय निवडून घेऊन हिशेब टाकून देण्याची जी चाल पडलेली आहे ती आम्हांस मान्य नाहीं.

(४) टिपणाच्या प्रामाण्याचें उदाहरण

घरच्या टिपणानें केवढें कार्य होऊं शकतें याचा उत्तम दाखला जेधे शकावली हा आहे. भोरजवळील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरीं मिळालेलें हें टिपण लोकमान्य टिळक यांनीं १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत प्रसिद्ध केलें. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या, म्हणजे सुमारें ऐंशीं वर्षांच्या, नोंदी त्यांत आहेत. शैली अशी कीं तींत शैली नाहींच. शक, संवत्सर, मास, तिथि, आणि झालेली गोष्ट, बस्स.

त्यांत शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, असा नोंदलेला आहे. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोंपर्यंत बखरींच्या आधारें शके १५४९, म्हणजे १६२७, हें वर्ष सर्वत्र धरलें जात होतें. पुढें १९२७ सालीं परमानंदाचें शिवभारत छापून प्रसिद्ध झालें, त्यांतहि फाल्गुन वद्य तृतीयाच आढळली. वाद पुष्कळ वर्षें चालला. अखेर २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी हीच तारीख जयंतीसाठीं स्वीकारली. बखरकारांची भाषा ओघवती, प्रसंगवर्णन रसाळ. तरी जन्मदिवसाच्या प्रश्नांत विजय झाला तो मावळांतील एका देशमुखी घराण्याच्या रुक्ष टिपणाचा.

यावर कोणी असें म्हणेल कीं, शकावली ही मागाहून एकत्र केलेली आहे, ती रोजच्या रोज लिहिलेली वही नव्हे. हें खरें, परंतु याच आक्षेपांत आमच्या म्हणण्याची पुष्टि आहे. ऐंशीं वर्षांतील तिथि व वार यांचा मेळ कोणासहि तोंडपाठ ठेवतां येत नाहीं. शकावली करणाऱ्यासमोर वेळोवेळीं केलेलीं आधींचीं टिपणें असलीं पाहिजेत, हें अनुमान अपरिहार्य आहे. मूळ टिपणें गेलीं, त्यांचें सार तेवढें राहिलें. अशीं किती टिपणें सार न काढतांच गेलीं असतील याचा विचार वाचकांनींच करावा.

महाराष्ट्राबाहेरचेंहि एक उदाहरण येथें देण्याजोगें आहे, कारण त्याचा मराठ्यांच्या इतिहासाशीं साक्षात् संबंध येतो. पांडिचेरी येथील फ्रेंचांचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळै यानें १७३६ पासून १७६१ पर्यंत तमिळ भाषेंत आपली दैनंदिनी लिहिली. जहाजांचीं येणींजाणीं, मालाचे भाव, वरिष्ठांचे राग, बाजारांतील अफवा, सर्व तींत आहे. १७४० सालीं रघूजी भोसले यांची कर्नाटकांत स्वारी होऊन अर्काटचा नबाब दोस्त अली मारला गेला, तेव्हां पांडिचेरींत जी भीति पसरली ती या वहीमुळें आपणांस आंतून पाहावयास मिळते. मद्रास सरकारनें १९०४ ते १९२८ या काळांत बारा खंडांत तिचें इंग्रजी भाषांतर छापलें. व्यापाऱ्याची खासगी वही बारा खंडांचें इतिहाससाधन झाली, ती जपून ठेवणारें कोणी होतें म्हणून.

(५) बोरू, दौत व घोटलेला कागद

आतां साधनांकडे वळूं. जुन्या लिहिण्याचें साहित्य कलमदानांत मावे : बोरू, चाकू, दौत, वाळूची डबी. कागद जुन्नरी, दौलताबादी, किंवा बाहेरून आलेला. हा कागद हातानें केलेला असून त्यास खळ लावून वाळवीत व गुळगुळीत दगडानें घोटीत. घोटल्यानें पृष्ठभाग चकचकीत होई, बोरू अडखळत नसे, आणि शाई फुटत नसे. शाई दिव्याच्या काजळीची. तींत बाभळीचा डिंक घालून ती दीर्घ काळ खलीत. काजळी जितकी खलावी तितकी शाई एकजीव होई. पोथीसाठीं करावयाच्या पक्क्या शाईंत लाख व टाकणखार यांचें पाणीहि घालीत.

या साहित्यासंबंधानें समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभींच लेखनक्रियेचा जो समास घातला आहे, तो प्रत्येक संग्राहकानें एकदां तरी हस्तलिखितांच्या दृष्टीनें वाचावा. देशोदेशींचे बोरू जमवावे, टांक कसा तोडावा, हें सर्व तेथें आहेच. परंतु दोन सूचना विशेष मार्मिक आहेत. पहिली अशी कीं, पानाच्या भोंवतालीं जागा सोडून मध्यें लिहावें, म्हणजे कागद कडेनें झडला तरी अक्षर झडणार नाहीं. दुसरी अशी कीं, तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें आपल्याच उपयोगीं पडत नाहीं. लिहिणाऱ्यानें कागदाचें आयुष्य आणि स्वतःचें आयुष्य या दोहोंचा हिशेब आधींच करावा, असा त्याचा मथितार्थ होय. वाळवीनें व दमटपणानें कडा खाल्लेलीं, परंतु मजकूर शाबूत राहिलेलीं पानें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस समर्थांच्या पहिल्या सूचनेचें मोल सांगावयास नको.

बोरूचें टोंक तिरपें तासून मध्यें चीर देत. मोडी लिहितांना प्रथम ओळीची रेघ ओढीत व मग तिला अक्षरें लटकवीत जात; हात शक्य तितका न उचलतां लेखणी धांवे. बोरूंत शाई फार थोडी राही, त्यामुळें कांहीं शब्दांनंतर तो पुन्हां दौतींत बुडवावा लागे. बुडविल्यानंतरचें पहिलें अक्षर गडद व भरदार, पुढें पुढें फिकें, मग पुन्हां गडद, अशी लाट प्रत्येक ओळींत असते. ही लाट लिहिणाऱ्यास दोष वाटे; संशोधकास ती देणगी आहे. तिचा उपयोग पुढें सांगूं.

(६) टांक आणि झरणी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बर्मिंगहॅम येथें पोलादी टांक यंत्रानें होऊं लागले आणि स्वस्त झाल्याबरोबर जगभर पसरले. इंग्रजी कचेऱ्या व शाळा यांच्यामार्गें ते आपल्याकडे आले. बोरूचें टोंक रुंद व टांकाचें अणकुचीदार. बोरूंत जाडबारीकपणा धरण्याच्या कोनानें येतो, टांकांत तो दाबानें येतो. यामुळें मोडीचें रूपच पालटलें. वळणदार, टप्पोरें अक्षर जाऊन बारीक, कलतें अक्षर आलें. शाळांतून मात्र कित्ता गिरविण्यासाठीं बोरू पुष्कळ काळ टिकून होता, आणि वळण बोरूनेंच लागतें हें मत वडील मंडळींनीं शेवटपर्यंत सोडलें नाहीं.

बोरू काय किंवा टांक काय, दौत जवळ हवीच. दौतीशिवाय चालणारी लेखणी करण्याचे प्रयत्न युरोपांत पूर्वींपासून चालू होते. पेत्राचे पोएनारू या रुमानियन गृहस्थास १८२७ सालीं पॅरिस येथें अशा लेखणीचें पेटंट मिळालें होतें. अडचण शाई सांठविण्याची नव्हती, ती बेतानें सोडण्याची होती. बंद नळींतून शाई खालीं यावयाची तर तितकीच हवा वर गेली पाहिजे; हवा न गेल्यास शाई अडते, आणि अधिक गेल्यास डाग पडतो. अमेरिकेंतील ल्यूइस वॉटरमन यानें १८८४ सालीं पेटंट घेतलेल्या लेखणींत जिभेखालच्या तुकड्यास बारीक खांचा पाडून हें येणेंजाणें नियमित केलें, आणि तेव्हांपासून ही लेखणी खरी उपयोगी झाली. आपल्याकडे भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनीं तिला झरणी असें सुरेख नांव दिलें. व्यवहारांत मात्र फौंटनपेन हाच शब्द रुळला.

झरणीनें टिपणवहीचें स्वरूप बदललें. पूर्वीं लिहिण्यासाठीं बैठक मारावी लागे, म्हणून दिवसाचें टिपण दिवस मावळल्यावर होई. झरणी खिशांत राहूं लागली, तेव्हां टिपणहि चालतांबोलतां होऊं लागलें. याच सुमारास छापील दैनंदिनी आली. लंडनच्या जॉन लेट्स यानें १८१२ सालीं सुरू केलेली ही वस्तु पुढें सर्व साम्राज्यांत पसरली. तींत प्रत्येक दिवसास ठराविक जागा. बाडांत ज्या दिवशीं कांहीं घडलें नाहीं तो दिवस नसेच. डायरींत तो कोरा राहूं लागला. बाडांत मोठ्या घटनेस चार पानें जात. डायरींत तिला चार ओळींत बसावें लागलें. सोय वाढली, परंतु वहीच लिहिणाऱ्यास मापूं लागली.

(७) तीन शाया, तीन गती

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. काजळीची शाई झरणींत चालत नाहीं. काजळीचे कण तळाशीं बसतात, डिंक वाळतो, आणि बारीक खांचा तुंबतात. म्हणून लेखणीच्या सोयीसाठीं शाईच बदलावी लागली. या एका बदलानें पुढील शंभर वर्षांच्या घरगुती लेखांचें भवितव्य ठरविलें. संग्राहकास तीन शायांची ओळख असली पाहिजे.

पहिली काजळीची. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. उन्हानें तो उडत नाहीं व हवेनें पालटत नाहीं. म्हणूनच शिवकालीन अक्षर आजहि काळें दिसतें. हिचा शत्रु पाणी. डिंक भिजला कीं घोटलेल्या कागदावरील अक्षर पसरतें किंवा पुसलें जातें. लाखेची शाई त्या मानानें टिकते.

दुसरी हिराकशीची. मायफळ किंवा हिरडा यांच्या काढ्यांत हिराकस घातला म्हणजे ही होते. लिहितांना ती फिकी असते व हवेनें काळी पडते; ती कागदांत मुरत असल्यामुळें सहसा धुतली जात नाहीं. निळीकाळी म्हणून जी कचेरीची शाई प्रसिद्ध होती ती याच जातीची. लिहितांना दिसावी म्हणून तींत निळा रंग घालीत. पोलादी टांक ती खाई. झरणीच्या सोन्याच्या जिभेस ती बाधत नसे. परंतु तींतील आम्ल पुढें कागदासच खातें. अक्षर तपकिरी होतें, आणि जेथें शाई दाट पडली असेल तेथें कागदास भोंकें पडतात.

तिसरी रंगाची. कृत्रिम रंग पाण्यांत विरघळविला कीं झाली. ती झरणीस सर्वांत मानवते, कारण तींत तळाशीं बसण्यासारखें कांहीं नसतें. शाईची पूड व वड्या पाण्यांत घालून घरच्याघरीं शाई करण्याची सोय झाली. मुंबईंत १९३१ सालीं दांडेकर आणि कंपनीनें हॉर्स ब्रँड नांवानें अशी पूड व वड्या काढिल्या. पुढें हीच कंपनी कॅम्लिन या नांवानें घरोघर पोंचली. परदेशी शाईवर अवलंबून असलेल्या देशांत हा उद्योग उभा राहिला हें अभिमानास्पदच आहे. परंतु रंगाच्या शाईचा धर्म कोणत्याहि कारखान्याची असो, एकच : उजेडानें ती उडते आणि पाण्यानें वाहते. अलीकडे झरणीसाठीं अतिसूक्ष्म कणांच्या टिकाऊ शाया निघाल्या आहेत. जे आजहि झरणीनें वही लिहितात त्यांनीं त्याच वापराव्या, असें आम्ही आग्रहानें सांगूं.

शाईबरोबर कागदहि पालटला. पुण्यांत डेक्कन पेपर मिल्स १८८५ सालीं निघाली. देशी व विलायती गिरण्यांचा कागद स्वस्त झाला आणि हातकागद मागें पडला. लांकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद पन्नास साठ वर्षांत पिवळा पडून कुरकुरीत होतो. उडणारी शाई व तुटणारा कागद यांची अशी गांठ पडली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. अशा पाण्यांत सांपडलेल्या झरणीच्या वहीचें काय होतें, हें वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानीं येईलच : पान उरतें, अक्षर उरत नाहीं.

(८) परीक्षेच्या खुणा

वही हातीं आल्यावर पहिला प्रश्न हा कीं, ती रोजच्या रोज लिहिली आहे कीं मागाहून उतरून काढली आहे. याच्या खुणा पुढीलप्रमाणें :

शाईची छटा नोंदीगणिक बदलत असेल, बोरू कधीं बोथट कधीं नवा तासलेला दिसत असेल, ओळींचें अंतर कमीजास्त असेल, तर वही नित्य लिहिलेली समजावी. सर्व पानें एकाच हाताच्या, एकाच शाईच्या, एकाच लयीचीं असतील, तर ती नक्कल समजावी. पोथींत एकसारखेपणा हा गुण आहे, टिपणवहींत तो संशयास कारण होतो.

वर सांगितलेली बोरूची लाट पाहावी. नोंदीच्या मध्येंच फिकें अक्षर एकदम गडद झालें तर तेथें लेखणी बुडविली एवढेंच. परंतु त्याच ठिकाणीं अक्षराचा आकारहि बदलला असेल, तर लिहिणारा उठून गेला व पुढील मजकूर नंतर घातला. झरणींत ही लाट नाहीं. तेथें शाईचा रंग, जीभ व पेन्सिल यांच्या अदलाबदलीवरून काम घ्यावें.

तिथिवार पडताळावे. घरगुती वहींत शक पुष्कळदां नसतो, कारण चालू वर्ष लिहिणाऱ्यास माहीत असतें. परंतु मास, तिथि व वार हीं तिन्ही असलीं तर मोडकांच्या किंवा खऱ्यांच्या जंत्रीवरून संभाव्य वर्षें मोजकींच उरतात, आणि मजकुरांतील एखाद्या नांवानें त्यांतील एक निश्चित होतें. मुसलमानी महिन्याचा चंद्र व सुहूर सन असेल तर काम अधिकच सुलभ.

शेवटीं, जोडलेली व फाडलेली पानें मोजावीं. घरगुती वहींत पान फाडलेलें असेल तर तें बहुधा कारणानेंच फाडलेलें असतें.

(९) जतन

या वह्या नाहींशा होण्याचीं कारणें केवळ शाई व कागद एवढींच नाहींत. घरांतील कर्ता पुरुष गेला कीं त्याच्या वह्या रद्दींत जातात किंवा नदींत सोडल्या जातात. कर्ज, भाऊबंदकी, सोयरिकींतील मानापमान हीं त्यांत असल्यामुळें त्या बाहेर देण्यास कुटुंबीय कचरतात, आणि तो संकोच रास्त आहे. यास उपाय हा कीं, अमुक वर्षेंपर्यंत उघडूं नये अशा अटीवर त्या संस्थेच्या स्वाधीन कराव्या. गुपित राहील आणि वहीहि राहील. स्त्रियांच्या वह्यांची उपेक्षा तर याहून मोठी. ओव्या, व्रतें, पाककृति, बाळंतिणीचे उपचार, दूधवाल्याचा व धोब्याचा हिशेब हें सर्व जींत आहे ती वही, मागें राहिलेल्या सुनेनें न्याहाळली नाहीं तर कोणीच न्याहाळीत नाहीं. संग्राहकाच्या यादींत तिला रकानाच नाहीं. १९७३ सालीं सुरू झालेल्या कालनिर्णयाच्या चौकटींत दुधाचे खाडे मांडणारा हात आणि जुन्या कीर्दींत जमाखर्च मांडणारा हात एकाच परंपरेचे आहेत, हें आम्ही विसरूं नये.

जतनाचे नियम साधे आहेत. झरणीची वही उन्हांत वाळवूं नये व ओल्या बोळ्यानें पुसूं नये. भिजलीच तर पानें ओढून सुटीं न करतां मधून मधून टीपकागद घालून सावलींत वाळवावी. चिकटपट्टी लावूं नये. प्लॅस्टिकमध्यें कायमची बंद करूं नये. वाडवडिलांचा सुती रुमाल व त्यांत वेखंडाची पुरचुंडी हा बंदोबस्त आजहि उत्तम आहे. मात्र रंगाची शाई कोणत्याहि बंदोबस्तानें कायमची थांबत नाहीं; म्हणून अशा वहीचीं छायाचित्रें प्रथम घ्यावीं आणि मग इतर विचार करावा. पोथी आणखी शंभर वर्षें वाट पाहील, ही वही पाहणार नाहीं.

आज दैनंदिन स्मरणाचें बहुतेक काम मोबाइलनें उचललें आहे, त्यामुळें बाडापासून डायरीपर्यंत चालत आलेली ही मालिका कोठें संपते तें आपणांस स्पष्ट दिसूं लागलें आहे. संपलेल्या मालिकेचा संग्रह करणें हेंच आमच्यासारख्यांचें काम. आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकाच्या घरीं माळ्यावर, जुन्या ट्रंकेंत किंवा देवघराच्या फडताळांत अशी एखादी तरी वही असेल. ती किती जुनी आहे हें विचारूं नये. ती कोणत्या शाईनें लिहिली आहे तें आधीं पाहावें, आणि शाई निळी असेल तर त्वरा करावी.